राणी कलरची लोकर

परभणी जिल्ह्यात राहून मी लोकरीचं विणकाम करते असं सांगितलं, की पुण्या-मुंबईकडची माणसं आधी हसतात. ‘तुमच्याकडं लोकर लागते तरी कधी?’ असं विचारतात. परभणी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन येतं. ते ऊन खरंच आहे. पण ह्याच परभणीत डिसेंबर २०१८च्या शेवटच्या आठवड्यात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंश सेल्सिअसवर उतरला होता. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब सोडून देते. त्यात आमचं राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात. इथं दिवाळी सरली की पहाटेचं पाणी हाताला चावतं. तेव्हा श्रोतेहो, आमच्याकडं लोकर लागते, आणि तीन-साडेतीन महिने चांगलीच लागते.

मी काही विणकामाची शिक्षिका नाही. कविता लिहिते, आणि कविता होत नाही तेव्हा विणते. काही हिवाळे असे गेले की स्वेटर सात झाले आणि कविता एक. त्याचं मला वाईट वाटत नाही. सात पोरांच्या अंगावर काहीतरी गेलं.

विणायला शिकले ती गावच्या दवाखान्यातल्या एका केरळी सिस्टरांकडून. रात्रपाळीला त्या सुया घेऊन बसत. त्यांचं मराठी तुटकं आणि माझं वय शाळकरी, त्यामुळं शिकवणं सगळं हातानंच झालं. पुढं बायकांच्या मासिकांतून विणीचे नमुने छापून येऊ लागलेले हाती पडले. ‘दोन सुलट, एक उलट, फुलीपासून पुन्हा’ अशी ती भाषा. पाहणाऱ्याला मंत्र वाटावा अशी. पण त्यात अवघड काही नाही. विणकामात मुळात टाके दोनच. एक सुलट, एक उलट. बाकी सगळी नक्षी, जाळी, वेणी, पाकळ्या ह्या दोघांच्या मागंपुढं येण्यातून होते. आमच्या वृत्तांतही दोनच असतात, लघु आणि गुरू. मला कॉलेजात वृत्तं चटकन कळली त्याचं श्रेय मी मराठीच्या सरांइतकंच सिस्टरांना देते.

सुयांचे नंबर उलटे चालतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. खालची पट्टी बारा नंबरवर घट्ट विणायची, म्हणजे ती कंबरेला धरून राहते, आणि अंग दहा नंबरवर. नेहमीच्या लोकरीचे दहा नंबरवर इंचाला सहा-सात टाके बसतात. लहान पोराच्या स्वेटरला शंभर-दीडशे ग्रॅम लोकर पुरते, मोठ्या बाईच्या पुढून उघड्या स्वेटरला चारशे-पाचशे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं त्यांचं काम आहे.

टाके मोजताना आमची अम्मी कधी ‘एक’ म्हणाली नाही. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘बरकत’ म्हणायचं, मग दोन, मग तीन, ही आमच्या घरातली रीत. ती तिनं विणकामातही आणली. मी सुईवर टाके घालायची आणि ती शेजारी बसून ‘बरकत, दो, तीन’ मोजायची. मोठेपणी एका पुस्तकात वाचलं, की दोन सुयांच्या विणकामाचे आजवर सापडलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले आहेत. साधारण अकराव्या शतकाच्या आसपासचे सुती मोजे, पांढऱ्यावर निळीची नक्षी, आणि काहींवर ती नक्षी अरबीच्या कुफी अक्षरांच्या वळणाची. पुढं ही कला स्पेनमध्ये पोचली. तिथं बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा मठ आहे. त्यात १२७५ साली वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा ह्या राजपुत्राची कबर आहे. ती उघडली तेव्हा त्याच्या डोक्याखालच्या उशीचा अभ्रा रेशमानं विणलेला निघाला. इंचाला जवळजवळ वीस टाके. कारागीर मुसलमान, राजपुत्र ख्रिस्ती, आणि उशीच्या काठावर कुफी अक्षरांत पुन्हा पुन्हा विणलेला एकच शब्द, बरकत. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि अम्मीला हाक मारली. तिला त्यात नवल काही वाटलं नाही. ‘मग दुसरं काय लिहिणार?’ म्हणाली.

आपल्या देशात हे विणकाम मुख्यतः एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांच्या शाळांमधून पसरलं. म्हणजे इजिप्तहून निघालेला टाका स्पेन, युरोप, मग जहाजातून हिंदुस्थान, केरळ आणि शेवटी आमच्या गावचा दवाखाना, असा माझ्या बोटांपर्यंत आला. आठशे-नऊशे वर्षं लागली. आमची एसटी आत्ता उशिरा येते असं कुणी म्हणू नये.

आमच्या भागाला लोकर मात्र आधीपासून ठाऊक होती. धनगरांच्या मेंढ्या दख्खनी, त्यांची लोकर राठ आणि काळी. तिला रंगवायचं कारणच नाही. घोंगडीचा काळा हा मेंढीचाच काळा असतो. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून नवी घोंगडी अशी कडक उभी राहते. पावसाला आणि थंडीला तिच्यासारखं दुसरं काही नाही. आज तिला गिऱ्हाईक उरलं नाही आणि कातरलेली लोकर कितीतरी ठिकाणी फेकून दिली जाते, ह्याची मला खंत आहे. पण खरं सांगायचं तर ती लोकर अंगाला टोचते, आणि मला तिच्यात रंग सापडत नाही. आपण जिला लोकर म्हणून बाजारातून आणतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. ती ॲक्रिलिक, खनिज तेलापासून काढलेला धागा. तिला कसर लागत नाही, ती धुवायला सोपी, आणि रंग असा भडक घेते की डोळे दिपावेत. तिचा एक दोष मात्र प्रत्येक आईला सांगितला पाहिजे. खरी लोकर विस्तवात लवकर पेट घेत नाही. ॲक्रिलिक वितळतं आणि कातडीला चिकटतं. शेकोटीजवळ ॲक्रिलिकचा स्वेटर घातलेलं पोर बसवू नये. मी स्वेटर देते तेव्हा हे वाक्य त्याच्याबरोबर देतेच.

माझा हिवाळा दसऱ्याच्या आधी सुरू होतो, कारण ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गावं सोडतात. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून दरसाल माणसं साखर कारखान्यांकडं जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पोरं शाळेतल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिली तर राहिली. तान्ही आणि लहानगी आईबरोबरच जातात. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहायचं, आणि भर थंडीत पहाटे फडात उतरायचं. तेव्हा माझे पहिले स्वेटर त्यांच्यासाठी. कानटोपी वेगळी, तिची बंदं लांब, म्हणजे पोरानं काढली तरी गळ्यात राहते.

सुरुवातीला मी ह्या पोरांसाठी मळखाऊ रंग आणायची. तपकिरी, राखाडी, गडद निळा. शहाणपणाचे रंग. एका वर्षी एक बाई माप द्यायला आली आणि गुंड्या पाहून म्हणाली, ‘आपा, ह्ये नगं. लाल द्या, न्हाईतर त्यो केशरी.’ मी म्हटलं, मळेल. ती म्हणाली, ‘मळू द्या की. फडाच्या कडंला निजवलेलं लेकरू लांबून दिसाय पायजे. पाचटाच्या रंगाचं लेकरू पाचटात दिसत न्हाई. ट्रॅक्टर फिरत्यात तिथं.’

तेव्हापासून पोरांचे स्वेटर लाल, केशरी, पिवळे आणि राणी. रंग म्हणजे हौस, रिकामपणाचा चोचला, असं माझ्यासारखी कवितेतली माणसंसुद्धा मनातून धरून चालतात. त्या बाईला रंगाचं काम ठाऊक होतं.

लोक म्हणतात, हाताचा स्वेटर महाग पडतो. पडतो. दर हिवाळ्यात शहरांतून तिबेटी बायका-पुरुष स्वेटरांच्या पाली लावून बसतात. माल बहुतेक लुधियानाचा असतो, छान असतो, आणि मी पाचशे ग्रॅम लोकर घेते त्या पैशांत त्यांच्याकडं तयार स्वेटर मिळतो. मीही त्यांच्याकडून घेतलेत. पण तिथं एक गंमत दिसते. पोरांच्या मापात सप्तरंग. तरुण मुलींच्या मापात गुलाबी, आकाशी, पोपटी. बाईचं माप चाळीसच्या पुढं गेलं की रंग मिटत जातात. मरून, कॉफी, करडा. विकणाऱ्याचा त्यात दोष नाही. जे खपतं ते तो आणतो. आपणच बाईच्या वयाप्रमाणं तिचा रंग ठरवून टाकला आहे, आणि मापाबरोबर तो वाढण्याऐवजी कमी होत जातो.

रंगांच्या बाबतीत माझं घर श्रीमंत होतं, पैशानं नव्हे, शब्दांनी. घरात दख्खनी, बाहेर मराठी, त्यामुळं प्रत्येक रंगाला दोन दोन नावं. अम्मी दुकानात ‘प्याजी’ मागायची, म्हणजे कांद्याच्या आतल्या पापुद्र्याचा फिका गुलाबी. ‘ऊदा’ म्हणजे जांभळट. ‘धानी’ म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपाचा, ‘सुरमई’ म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्याचा. शेजारच्या काकू त्याच दुकानात आमसुली, वांगी, डाळिंबी, श्रीखंडी, अबोली, पारवा आणि शेवाळी मागायच्या. दुकानदार दोघींनाही बरोबर ठाण काढून द्यायचा. मला लहानपणी वाटायचं, रंग म्हणजे खाण्याचीच यादी आहे. आता वाटतं, दोन्ही बायकांनी आपापल्या स्वयंपाकघरातून आणि अंगणातून जग मोजलं होतं.

शब्दांच्या मागं गेलं तर आणखी मजा येते. गुलाबी फारसीतून आला, आसमानीही. खाकी म्हणजे खाकेचा, धुळीचा. लाल म्हणजे माणिक, तोही फारसीच. किरमिजी हा अरबी-फारसीतल्या किर्मिजवरून, आणि किर्मिज हा लहानसा किडा. त्याला वाळवून तो रंग काढीत. तांबडा, पिवळा, हिरवा, जांभळा आपले इथलेच. मराठी बाई लाल-तांबडा असा जोडशब्द उच्चारते तेव्हा ती दोन भाषांना एका दांडीवर वाळत घालते. रुमाल, शाल, अस्तर, पायजमा, रेशीम, जरी ही सगळी मंडळी कधीची इथं राहायला आली आणि मराठी झाली. त्यांना कुणी कागदपत्रं मागितली नाहीत.

आणि आमच्या मातीचा स्वतःचा एक रंग आहे, तो आता कुणी वापरत नाही. कुसुंबी. तो करडईच्या फुलाचा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या करडईच्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’. आज आपण करडई तेलासाठी पेरतो, पण शेकडो वर्षं तिच्या पाकळ्या रंगासाठी खुडल्या जात. त्या फुलात दोन रंग असतात. पिवळा पाण्यात धुऊन निघून जातो. तो सगळा गेला की मागं लाल उरतो, आणि तो सोडवायला खार लागतो, मग कपड्यावर बसवायला लिंबासारखं आंबट. इतकं करूनही तो उन्हात टिकत नाही. १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या हातून प्रयोगशाळेत जांभळा कृत्रिम रंग निघाला आणि पुढच्या काही दशकांत रंगाऱ्यांच्या नांदी, भट्ट्या थंड पडत गेल्या. रंग स्वस्त झाला, गरिबाच्या अंगावर आला, हे चांगलंच झालं. रंगाऱ्याचं पोट गेलं, हेही झालं.

राणी कलर हा त्या स्वस्त झालेल्या रंगांतला. गुलाबीला कुणीतरी खडसावून उभं केल्यासारखा. आमच्या गावाच्या नावातली राणी आणि ह्या रंगातली राणी ह्यांचा काही संबंध नाही. असलाच तर माझ्यापुरता. माझ्या लोकरीच्या पेटीत हा रंग नेहमी असतो, आणि आता मी जिच्याविषयी सांगणार आहे ती माझी फुफी, म्हणजे आत्या, लग्नात हाच रंग नेसली होती.

मी सहावीत असताना फुफा वारले. फुफी तिशीच्या आत होती. आमच्यात विधवेला इद्दत असते, चार महिने दहा दिवस. त्या काळात तिनं नटायचं नाही, रंगीत वस्त्र नेसायचं नाही. मुदत संपली की ती मोकळी. रंग घालावेत, वाटलं तर निकाह करावा. कुराणात ही मुदत स्पष्ट आहे, आणि पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा ह्या स्वतः विधवा होत्या. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं. तरीही चार महिने दहा दिवस संपले, वर्ष संपलं, चाळीस वर्षं संपली, फुफीच्या अंगावर पांढरं, फिकट राखाडी नाहीतर बिस्किटी ह्याखेरीज काही आलं नाही. मजहबनं घातलेली बंदी सव्वाचार महिन्यांची. उरलेली बंदी गावाची. ती आम्ही शेजाऱ्यांकडून घेतली, आणि देताना शेजाऱ्यांनी पावती दिली नाही, त्यामुळं आता ती आमचीच वाटते.

शेजाऱ्यांकडं तरी ह्याचा एकच नियम होता का? तसंही नाही. ब्राह्मणांच्या केशवपन केलेल्या विधवा पांढऱ्यात नसत, तांबड्या आलवणात असत. आलवण हा शब्दच आल ह्या झाडाच्या मुळापासून काढलेल्या तांबड्या रंगावरून आला. म्हणजे एका घरात तांबडा हा नवरीचा आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत तांबडा हाच विधवेचा. लग्नात काळा अशुभ, आणि संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेनं नेसायची. मंगळसूत्रातले मणी तर काळेच, आणि आमच्या दख्खनी मुसलमान नवऱ्यांच्या गळ्यातही काळी पोत. तेव्हा रंगाच्या अंगात शुभ-अशुभ काही नसतं. एखादीला बाजूला काढायचं ठरलं, की जो हाताशी असेल तो रंग तिच्यावर टाकतात किंवा जो असेल तो काढून घेतात.

बांगड्यांचंही तेच. आमच्याकडं बांगड्या भरणारे मनियार मुसलमान. हिंदू नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा तो त्यांनी. गावातली प्रत्येक जातीची मनगटं त्यांना ठाऊक. मी एकदा एका म्हाताऱ्या मनियारणीला विचारलं, विधवेला कधी भरल्या का? ती म्हणाली, ‘भरल्या. दार लावून. काचेच्या नव्हेत, प्लास्टिकच्या. वाजायच्या नाहीत म्हणून.’

आमच्या गावात रेणुकामातेचं देऊळ आहे, नवरात्रात मोठी गर्दी होते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या वर्तमानपत्रांनी नवरात्राचे नऊ रंग छापायला सुरुवात केली. त्याला शास्त्राचा आधार नाही, हा बाजाराचा खेळ आहे, अशी टीका होते, आणि ती बरोबर आहे. तरीही मला तो खेळ आवडतो, आणि कारण सांगते. रंग छापून येऊ लागल्यापासून शाळेतल्या, बँकेतल्या, अंगणवाडीतल्या बाया ठरवून एका रंगात येतात आणि फोटो काढतात. त्यांच्यातली एखादी विधवा असते. तीही त्या दिवशी हिरवी असते, पिवळी असते. कुणी विचारलं तर उत्तर तयार, ‘आज सगळ्यांचाच हा रंग आहे.’ आणि एक दिवस पांढऱ्याचा येतो, तेव्हा सगळ्याजणी पांढऱ्यात. ज्या पेपरवाल्यानं ही यादी पहिल्यांदा छापली त्याच्या डोक्यात हे नसणार. पण काही बायकांना नऊ दिवसांची सूट मिळाली, ती त्याच्यामुळं.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनानंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. मी ती बातमी फुफीला वाचून दाखवली. फुफीला लिहिता-वाचता येत नाही, पण बातमी ऐकण्याची तिची पद्धत पक्की आहे. दोनदा वाचायला लावते. दुसऱ्यांदा ऐकून तिनं विचारलं, ‘कपड्यांचं काय लिव्या?’ मी म्हटलं, कपड्यांचं ह्यात आलं नाही. ‘हौ,’ एवढंच म्हणाली.

त्या पावसाळ्यात मी राणी कलरची पाचशे ग्रॅम लोकर आणली. कुणासाठी ते बोलले नाही. फुफीचं माप घ्यायची गरज नव्हती, तिचा जुना राखाडी स्वेटर मीच विणलेला. पुढून उघडा, खाली बारा नंबरची पट्टी, दोन खिसे, कारण तिला तंबाखूची डबी ठेवायला जागा लागते. नोव्हेंबरात नेऊन दिला. तिनं घडी उलगडली नाही. हात फिरवला आणि म्हणाली, ‘इस उमर में राणी कलर? लोगां क्या बोलते?’ मी म्हटलं, लोगां थंडीत माझ्याकडं रांग लावतात, मी बघून घेते त्यांना. तिनं तो ट्रंकेत ठेवला. मला वाटलं, गेला.

जानेवारीत तिच्याकडं मुक्कामाला गेले. पहाटे ती चुलीपुढं बसलेली, अंगावर तोच जुना राखाडी स्वेटर. भाकरी थापताना बाही वर सरकली आणि आतून राणी कलरची पट्टी दिसली. एकावर एक, दोन स्वेटर. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘थंडी आतच वाजती नं.’

मी तिला वरचा काढ असं म्हटलं नाही. चाळीस वर्षांचा कपडा एका पहाटेत उतरत नाही, आणि उतरवायचा हक्क माझा नाही. दोन हिवाळे ती तसाच घालते आहे. मागच्या हिवाळ्यात वरच्या स्वेटरची दोन बटणं तुटली, ती तिनं लावून घेतली नाहीत. लावून देऊ का, असं मीही विचारलं नाही.

हे सगळं बोलायचं कारण फुफी एकटी नाही. तिची पिढी सरत आली. पण आमच्या ह्या कोरडवाहू मुलखात कर्जानं आणि नापिकीनं ज्या घरांतले पुरुष गेले, त्या घरांतून तिशी-पस्तिशीच्या बाया उरल्या आहेत. शेत त्याच करतात, बँकेत त्याच जातात, कोयताही काहीजणी भावाबरोबर धरतात. त्यांच्यावर पांढऱ्याची सक्ती आता सहसा कुणी करत नाही, तेवढी सुधारणा झाली. पण दुकानात गेल्या की त्यांचा हात आपोआप फिक्याकडं जातो. कुणी अडवायला लागत नाही.

ह्या वर्षी अशीच एक आली. दोन मुलांची मापं द्यायला. मुलीला पिवळा, मुलाला लाल, हे दारातूनच सांगितलं. मी म्हटलं, आणि तुला? ‘मला काय आपा, कोनताबी करा.’ मी तिला सांगितलं, की कोणताबी नावाची लोकर माझ्याकडं नाही. पेटी तिच्यापुढं उघडून ठेवली आणि चहा करायला आत गेले. चहा मी मुद्दाम सावकाश केला. बाहेर आले तर तिनं सगळ्या गुंड्या पेटीतून काढून जमिनीवर मांडल्या होत्या. पोपटी हातात घेऊन मनगटाला लावून पाहिला, ठेवला. मोरपंखी घेतला, ठेवला. मरून बराच वेळ धरला. शेवटी अंजिरी आणि केशरी दोन्ही उचलून म्हणाली, ‘ह्याच्यात ह्याची पट्टी बसंल का?’

बसेल. अंग अंजिरी, काठाला आणि बाह्यांना चार-चार ओळी केशरी. अंजिरी लोकर घरात तीनशे ग्रॅमच आहे, अजून दोनशे लागेल, आणि ह्याच छटेची मिळायला परभणीत दोन-तीन दुकानं तरी फिरावी लागतील. टोळी दिवाळीनंतर निघणार आहे, म्हणजे हातात पाच आठवडे. मुलांचे आधी उतरवले की हिचा सुईवर घालीन. पाठीचे एकशे वीस टाके, बारा नंबरवर.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)